वरव्याचा ट्रेलर

आता हसू नका, आधीच सांगतो. हसायचंच असेल तर चहा खाली ठेवून हसा. माझ्या हातून आयुष्यात गाढवपणे पुष्कळ झाले, पण भोरच्या कॉलेजात असताना मी जो सिनेमा काढला ना, त्याची सर कशालाच नाही!

सिनेमा म्हणजे अख्खा सिनेमा नव्हे हो. सत्तर सालानंतरची दोनचार वर्षं ती. जत्रेतल्या तंबूत बसून मारधाडीचे सिनेमे बघायचे आणि घरी येऊन उशीला ठोसे मारायचे, हा आमचा अभ्यास. त्यात आमच्या वर्गातल्या दिनकरच्या पुण्याच्या काकांकडे एक छोटा कॅमेरा निघाला. घड्याळासारखी चावी द्यायची, खटका दाबायचा, की चित्रं हलती! आवाज नाही, पण हलती! रीळ मात्र एकच, आणि ते तीनेक मिनिटांत संपणारं.

तीन मिनिटांत सिनेमा कसा बसवायचा? मग माझ्या सुपीक डोक्यातून निघालं, ट्रेलर काढू! सिनेमा नसला म्हणून काय झालं, ट्रेलर तर असेल! नुसती मारामारी, पळवापळवी, धूळ. गॅदरिंगला शेवटचा कार्यक्रम आमचा.

उत्साहाच्या भरात मी प्रिन्सिपॉलसरांना शब्द देऊन बसलो. फळ्यावर रंगीत खडूनं लिहूनही टाकलं, 'भोर शहरात प्रथमच! अंगावर काटा आणणारा ट्रेलर!' आता ट्रेलर झाला नाही तर मला कॉलेजात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. तिथं मुलीही शिकत होत्या. बाकी तुम्ही समजून घ्या.

शूटिंग कुठं करायचं? वरव्याला, माझ्या दौलतमामाकडे. मोकळं रान, आणि मामाच्या ओळखीची तालमीतली पोरं. शुक्रवारी मी स्टँडवर गेलो आणि त्या बाजूच्या एसटीच्या कंडक्टरला गाठलं. कोंडीबा त्याचं नाव. सगळ्या गावांचे निरोप तोच न्यायचा.

म्हटलं, "कोंडीबा, मामांना सांगा, रविवारी येतोय. ट्रेलर करायचाय. एक पोरगी पळवायचीय. मारामारी होईल, तेव्हा चार दांडगी माणसं तयार ठेवा म्हणावं."

कोंडीबानं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पक्कं ना?"

"एकदम पक्कं!"

"घरच्यास्नी ठावं हाय?"

"त्यांना नंतर एकदमच दाखवणार!"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जिगर हाय गड्या तुज्यात," म्हणाला आणि घंटी मारली. मला वाटलं, बघा, कलेची कदर असलेला माणूस!

रविवारी आम्ही चौघं निघालो. दिनकर खलनायक. त्याला कोळशाच्या मिशा काढलेल्या. रामदास नायक. आणि नायिका? कॉलेजातली कुठली मुलगी यायला बसलीय! आमचा वसंता नायिका. अंगानं किडकिडीत, रंगानं गोरा, गॅदरिंगला बायकांची कामं तोच करायचा. त्याला बहिणीचं हिरवं लुगडं नेसवलं, टोप चढवला आणि बजावलं, "कॅमेऱ्यासमोर येईपर्यंत पदर तोंडावरून काढायचा नाही. पावडर उडते." बोलायचं तर मुळीच नाही. कारण वसंताचा आवाज म्हणजे रेडा.

वरव्याच्या फाट्यावर उतरलो आणि मी बघतच राहिलो.

समोर ट्रॅक्टर उभा! पंचक्रोशीतला एकुलता एक! त्याला मागं ट्रेलर जोडलेला, ट्रेलरला आंब्याचे डहाळे बांधलेले, आत सतरंजी अंथरलेली. भोवती तालमीतले चार पैलवान, हातात काठ्या. निम्मा गाव जमलेला. मामा फेटा बांधून पुढं उभा. अहो, मोठमोठ्या कंपन्यांना मिळत नाही इतका सरंजाम! माझा ऊर असा भरून आला!

"मामा, एवढं सगळं कशाला केलंत?"

मामाचेही डोळे भरले. "भाचा हायस तू माजा. तू म्हनला ट्रेलर करायचा, मग म्या मागं राहीन व्हय?"

मी तडक कॅमेरा काढला, चावी दिली आणि पहिलं चित्र त्या सजवलेल्या ट्रॅक्टरचंच घेतलं. चावी उतरून खटका थांबेपर्यंत घेतलं!

तेवढ्यात हौसामामी पुढं आली आणि तिनं वसंताचा ताबा घेतला. त्याला सतरंजीवर बसवलं, कुंकू लावलं, खणानारळानं ओटीच भरली की हो! वसंता पदराआडून माझ्याकडं बघतोय. मी खूण केली, बस गप, बायामाणसं हौशी असतात.

"लई गुनाची हाय पोर," मामी म्हणाली. "मान सुदिक वर करत न्हाई. नाव काय रं हिचं?"

मी सिनेमातलं नाव सांगितलं. "शीला."

"उंच हाय जराशी. पन चालतंय."

मामानं मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "पोरीकडची मानसं येत्याल का रं?"

मला वाटलं, मामा कथानक विचारतोय. कोणाला आनंद होणार नाही?

"येणार तर! ते काय, मिशावाला. तो हिचा हात धरून ओढणार. मग दुसरा मधे पडणार."

"आन मग आमी हानायचं?"

"हाणायचंच! पण मामा, एक सांगतो, लुटुपुटीचं नको. खरं वाटलं पाहिजे."

"वाटंल," मामा म्हणाला आणि पैलवानांकडं वळला. "ऐकलं न्हवं?"

पैलवानांनी माना डोलावल्या. मी दगडावर चढलो. ट्रॅक्टर चालू ठेवायला सांगितला, म्हणजे धूर कसा छान येईल. त्याचा फटफटाट एवढा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी कॅमेरा डोळ्याला लावला, खटका दाबला आणि ओरडलो, "चला!"

दिनकर आला. मिशीला पीळ दिला, वसंताच्या मनगटाला हात घातला.

पुढचं मी काय सांगू तुम्हाला! पहिल्या पैलवानानं दिनकरला असा उचलला, असा फिरवला आणि कडब्याच्या गंजीवर असा फेकला! रामदास बिचारा नायक, तो वाचवायला धावला, तर दुसऱ्यानं त्याला बगलेत धरून धोबीपछाड! टोप्या उडाल्या! कोंबड्या उडाल्या! दिनकर गंजीतून बाहेर आला की परत आत! आणि मी दगडावर नाचतोय, "वा! अजून! त्याला पाय धरून ओढा! शाब्बास!" दिनकर माझ्याकडं हात जोडून काहीतरी ओरडत होता. मी म्हटलं, काय चेहऱ्यावर भाव आहेत हो! याला मी उगाच खलनायक केला, हा तर मोठा नट!

शेवटी वसंताला राहवलं नाही. त्यानं लुगड्याचा काचा मारला, ट्रेलरमधून खाली उडी टाकली आणि रेड्याच्या आवाजात गर्जला, "आयला, सोडा की त्याला! मरंल ना तो!"

उडी मारताना टोप पडला.

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं.

"आगं बया!" हौसामामीनं कपाळावर हात मारला. "बाप्या हाय ह्यो! आन म्या ह्याची वटी भरली!"

मामा माझ्याकडं वळला. "सुऱ्या, पोरगी कुठं हाय?"

"हीच पोरगी, मामा. म्हणजे हाच."

"मग लगीन कुनासंगं लावायचं? भटजी मारुतीच्या देवळात सकाळधरनं उपाशी बसलाय!"

"लगीन? कोणाचं लगीन?"

"तुजं! तूच न्हाई का कोंडीबाकडं निरोप धाडला? पोरगी पळवून आनतो, ट्रेलर करायचाय म्हून?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, आमच्याकडं टांगा करतात, बैलगाडी करतात, तसाच ट्रेलर करतात! भाड्यानं! आणि लोक ट्रेलर करतात तो वऱ्हाडासाठी!

"मामा, ट्रेलर म्हणजे सिनेमाचा," मी म्हणालो.

तोच शेवटचा शब्द मला धड बोलता आला. कारण मामीनं माझा कान धरला. कॅमेरा हातातून सुटून सतरंजीवर पडला. मामीनं मला त्या सजवलेल्या ट्रेलरभोवती कानाला धरून फिरवलं. "थ्येटर करतोस? माज्या हातनं बाप्याची वटी भरवतोस?" एक फेरी झाली, दुसरी झाली. मग उठाबशा. गाव पोट धरून हसतंय. गंजीतनं डोकं काढून दिनकरही हसतोय. मी मात्र रडकुंडीला येऊनही मनातून खूश होतो. कान गेला तरी चालेल, पण मारामारी कशी मिळाली! असली मारामारी कोणाच्या बापानं काढली नसेल! दिनकर-रामदासची समजूत काढायला मला परतीच्या एसटीत दोघांचं सामान उचलावं लागलं, ते सोडा.

रीळ धुवायला मुंबईला गेलं आणि परत आलं ते गॅदरिंगच्याच संध्याकाळी. आधी बघायला वेळ कुठला? मांडव खच्चून भरलेला. मुलींची रांग पुढंच. मी माईक धरला. म्हटलं, "मंडळी, काळीज घट्ट धरा! आता बघा मारामारी!"

दिवे गेले. पडद्यावर आला ट्रॅक्टर. आंब्याचे डहाळे. सतरंजी. मी म्हटलं, आता दिनकर येईल.

दिनकर आलाच नाही. मारामारीला मी चावीच दिली नव्हती! खटका दाबून मी नुसताच दगडावर नाचलो होतो, आणि त्या ट्रॅक्टरच्या फटफटाटात मला कळलंही नाही.

मग पडद्यावर काय आलं? सतरंजीवर पडलेलं ते यंत्र मामानं उचललं होतं. घरातल्या गजराच्या घड्याळाला तोच रोज चावी द्यायचा. इथंही चावी दिसली, तर दिली त्यानं! खटका दिसला, दाबला!

पडद्यावर मी. कान मामीच्या हातात. एक फेरी. दुसरी फेरी. केस डोळ्यांवर, तोंड वाकडं, नाक गळतंय. मग उठाबशा! रीळ संपेपर्यंत उठाबशा!

मांडव कोसळायचा तेवढा राहिला. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. मुली तर एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मी पडद्यामागं तोंड लपवून उभा, तोच जाड चष्मा पुसत प्रिन्सिपॉलसर आले. माझी पाठ थोपटली.

"सुरेश, दिग्दर्शन तुला जमत नाही. ते सोड. पण तो कान पिळलेला गडी! काय नैसर्गिक बावळटपणा आहे रे त्याच्या चेहऱ्यावर! असला नट मिळाला कुठून तुला?"

मी खाली बघत म्हणालो, "मामाच्या गावचा आहे, सर."