मावशी चार

सात जणांनी मिळून केलेलं गाणं म्हणजे सरकारी फाईल, असं मी घरात उघड म्हणत असे. सह्या सगळ्यांच्या आणि काम कुणाचंच नाही. माझी भाची, बहिणीची मुलगी, नाशकात तिच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भिंतींना गाद्या लावून हळदीची गाणी तयार करते. कॉम्प्युटरवर. तिच्या गाण्यांवर लोक लग्नात नाचून घामाघूम होतात. यात गाणं कुठे आहे ते मला दाखव, असं मी तिला तोंडावर विचारायचे. ती नुसती हसायची.

मग एक दिवस तिने मलाच बोलावलं. कोरसला तिला घरातल्या बायकांचा आवाज हवा होता, शिकलेल्या गळ्याचा नको होता. हा मान की अपमान, ते मला कळेना. तरी गेले. खरं सांगायचं तर, आयुष्यात एकदा तरी पुढे उभं राहून गावं, ही माझी जुनी हौस होती.

त्या हौशीचं मूळ आईत आहे. आमच्या कळवणला कुणाचीही हळद असली की आईला बोलावणं यायचं. ती ओळ उचलायची आणि बाकीच्या बायका मागून म्हणायच्या. मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा पुढे जाऊन तिच्याशेजारी बसले, तर तिने सगळ्यांदेखत दंडाला धरून मला मागच्या रांगेत नेऊन बसवलं आणि सांगितलं, तू मागं म्हण. लग्न होऊन नाशकात येईपर्यंत मी मागेच म्हणत राहिले. माझा तो दंड अजून दुखतो. म्हणून स्टुडिओचं ठरल्याबरोबर मी पहिला फोन तिलाच केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, दिसतं कमी, पण कान शाबूत आहेत. लेक गाण्यात गाणार, हे तिने संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगितलं.

त्या खोलीत मी हेडफोन लावून एकच ओळ सहा वेळा म्हटली. झालं, एवढंच. मुख्य गाणारी कुठे आहे, म्हणून विचारलं, तर ती पुण्याला. तिने घरूनच गाऊन पाठवलं होतं. संबळ सटाण्याच्या एका माणसाने वाजवून पाठवला होता. शब्द दोघांनी मिळून लिहिलेले, आणि या सगळ्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती. हे कसलं लग्न, नवरीला नवरदेवाचा पत्ता नाही, असं मी म्हटलं. भाची वायरी गुंडाळत होती.

महिन्याभराने गाणं आलं. मी ते ओट्याशी ऐकलं, गच्चीवर ऐकलं, अंबडला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत ऐकलं. मला मी सापडेना. बायका होत्या, पण त्यांच्यातली मी कोण? आणि रविवारी ते आईला ऐकवायचं होतं. यातली तू कोणती, हे ती विचारणारच, आणि मला दाखवता येणार नव्हतं. मी तरातरा भाचीकडे गेले.

"मला काढून टाकलंस ना?"

"आधी बस, मावशी," ती म्हणाली आणि तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एकाखाली एक रंगीत पट्ट्या, तीस-चाळीस तरी असतील. सहा पट्ट्यांवर मावशी एक, मावशी दोन, असं सहापर्यंत लिहिलेलं; मी सहा वेळा म्हटलेली ती ओळ. तिने 'मावशी चार' एकटीच वाजवली. मी ओळीवर जराशी उशिरा येत होते, मधेच बांगड्या वाजत होत्या, शेवटी श्वास पुरत नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुसून टाक म्हटलं. तिने पुसलं नाही; सहाही पट्ट्या बंद केल्या आणि गाणं लावलं.

सगळं स्वच्छ, सुरात, पण पाहुणे निघून गेल्यावरच्या घरासारखं. मग तिने मावशी चार उघडली आणि बायका परत येऊन बसल्या. माझा उशीर तिने मुद्दाम ठेवला होता. सगळ्याच वेळेवर आल्या तर एकच बाई गातेय असं वाटतं, म्हणाली. मग तिने सटाण्याच्या माणसाचा एक ठोका सुटा ऐकवला. त्या एका ठोक्यासाठी त्याने चार दिवस घातले होते. मी तासभर एकेक पट्टी ऐकत बसले. शाबासकी द्यायची होती, पण कुणाला द्यावी ते समजत नव्हतं.

घरी येताना डोकं भणभणत होतं. कंपनीत मी तीस वर्षं तपासणी खात्यात आहे. आमच्या पंपाचे भाग चार ठिकाणांहून येतात. पंप नक्की कुणाचा, असं मी कधी विचारलं नाही. पाणी चढलं की पंप चांगला. मग गाण्यालाच हा प्रश्न का विचारत होते? पण मावशी चारसारखा भाग माझ्या टेबलावर आला असता तर मी तो बाद केला असता. विचार करून करून मी कुठेच पोचले नाही.

रविवारी कळवणला आईच्या खाटेवर बसून फोन तिच्या कानाशी धरला. ऐकून झाल्यावर तिने परत लावायला सांगितलं. तिने विचारण्याआधी मीच सांगून टाकलं, की पुढची मी नाही, मी मागे आहे आणि उशिरा येते.

"ते कळलं," आई म्हणाली. "तू कायम उशिरानंच यायची."

मग इतकी वर्षं न विचारलेलं मी विचारलं. मला मागे का बसवलंस?

तिने पदराचं टोक चाचपलं. "पुढं न्यावा असा गळा नव्हता तुझा. खोटं कशाला बोलू? पण मागून तुझा आवाज आला, की मला समजायचं, बाया हायेत मागं. तू थांबली की मी घाबरायची."

आईला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. हे तिला तेव्हा वाटायचं, की गाणं ऐकून आत्ता सुचलं, मला कळेना. विचारायला तोंड उघडलं, तोवर तिने परत लाव म्हणून हात हलवला. मी लावलं. कोरस आला तशी आईने कापऱ्या आवाजात ओळ उचलली. आणि तिच्या मागून, जराशी उशिरा, मी.