दारात उभं राहायचं न्हाई

माझा धाकटा भाऊ संघपाल जहाजावर नोकरीला आहे. लातूरला कुणी विचारलं, "जहाजावर म्हणजे नेव्हीत का?" तर आमची माय सरळ सांगते, "न्हाई, गाद्या झटकतो."

तसंच आहे ते. परदेशातली पैसेवाली माणसं सात-सात दिवस समुद्रात फिरायला निघतात. त्यांच्या खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, न्हाणीघर घासायचं, टॉवेलाला पीळ देऊन त्याचा हत्ती नाहीतर हंस करून पलंगावर ठेवायचा. हे दिवसातून दोनदा. अठरा खोल्या आणि दोन माणसं. नऊ महिन्यांच्या करारात रविवार नाही, सण नाही. करार संपला की दोन महिने घरी, बिनपगारी.

पण तो माणूस कसा, हे सांगायचं तर आमच्या अण्णांपासून सांगावं लागतं. अण्णा म्हणजे आमचे वडील, नरसिंग. आमचं मूळ गाव बिलोली तालुक्यात, मांजरेच्या काठाला. तिथं आजोबांकडं येसकराचं काम होतं. निरोप न्यायचे, वेशीवर राखण करायची, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढं धावायचं. त्याचा मोबदला म्हणजे रोज संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी गोळा करायची. अण्णा सहा-सात वर्षांचे होते तेव्हा टोपली घेऊन आजोबांबरोबर जायचे. दारात उभं राहून हाक एकदाच मारायची. दुसऱ्यांदा मारली की शिव्या. आतल्यांची जेवणं झाली, आठवण झाली, तर कुणीतरी बाहेर यायचं.

छप्पन्न साली दीक्षा झाली. तिची हवा आमच्या गावापर्यंत यायला आणखी दोन वर्षं लागली. ती आली तसं आजोबांनी हे काम सोडलं. त्यानंतर गावानं वर्षभर त्यांना मजुरी दिली नाही, ते वर्ष कसं काढलं ते अण्णांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. टोपलीचं मात्र सांगायचे.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि कचेऱ्यांना शिपाई हवेत. अण्णा सातवी पास होते, लागले. आम्ही लातूरकर झालो. काम करून घ्यायला आलेला माणूस चहापाण्याला पाच रुपये पुढं करायचा, तेव्हा अण्णा दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे. घरात त्यांचं सांगणं एकच, "कुणाच्या दारात उभं राहायचं न्हाई." शेजारच्या दारात उभी राहून टीव्ही बघितला म्हणून मी मार खाल्लेला आहे. लग्नात पंगत भरलेली असली आणि कुणी "जरा दारात थांबा" म्हणालं, तर अण्णा आम्हाला घेऊन तसेच घरी यायचे. माय वाटभर पुटपुटायची, "आता पिठलं टाका."

अण्णा निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी गेले. संघपालनं नांदेडला हॉटेलचा कोर्स केला, हैदराबादच्या हॉटेलात चार-पाच वर्षं काढली आणि २०१५च्या ऑगस्टात तो जहाजावर चढला. तीस वर्षांचा होत आला होता, लग्न व्हायचं होतं. आम्हाला वाटलं, आता बरं होईल.

पहिल्या महिन्यानंतर त्याला कळलं की जहाजावरचा पगार म्हणजे नावाला पगार. खोल्या आवरणाऱ्यांची खरी कमाई बक्षिशीची. पाहुण्यांच्या बिलात रोजची ठरावीक बक्षिशी आपोआप लागते, पण पाहुण्याला ती खाली काउंटरवर जाऊन काढून टाकता येते. आणि बरेच जण काढतात. वरचं जे काही मिळतं ते शेवटच्या दिवशी सकाळी, पाकिटातून. त्यासाठी त्यांची एक रीत आहे. शेवटच्या दिवशी सात वाजता सगळे आवरणारे आपापल्या खोल्यांपुढं, लांब बोळात, उभे राहतात. पाहुणे बॅगा ओढत बाहेर येतात. हसायचं, नाव घेऊन निरोप द्यायचा. कुणी काही मागत नाही. नुसतं उभं राहायचं.

संघपाल उभा राहिला नाही. सात वाजले की तो चादरी ठेवायच्या कोठीत शिरायचा आणि घड्या घालत बसायचा.

त्याचा जोडीदार होता मल्लिकार्जुन, उदगीरच्या पलीकडचा, औरादकडच्या गावचा. दोघं हैदराबादला एकाच हॉटेलात होते, एकाच एजंटानं पाठवलेले. अठरा खोल्या दोघांच्या मिळून, म्हणून जे मिळेल त्याचे दोन वाटे. पहिले काही आठवडे मल्लिकार्जुन गप्प बसला. मग एक दिवस कोठीचं दार ढकलून आत आला.

"काय रे, साहेब झालास का? मी एकटाच दात काढून उभा, आन् तू इथं घड्या घालायलास."

"मला न्हाई जमत."

"न जमायला काय हाय त्यात? भरतनाट्यम करायचंय का? उभं तर राहायचंय!"

संघपालनं कारण सांगितलं नाही. मल्लिकार्जुनला तो माज वाटला. रोजचे बारा-बारा तास बरोबर काम, रात्री खालच्या बिनखिडकीच्या खोलीत एकाखाली एक झोपायचं, आणि चार महिने बोलणं कामापुरतं.

तक्रारी वरून आल्या. पाहुणे जाताना एक फॉर्म भरतात, त्यावर आवरणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. संघपालचं नाव कुणी लिहीना. खोल्या स्वच्छ, हत्ती झकास, पण माणूस दिसलाच नाही. एकीनं तर लिहिलं की आमचा आवरणारा निरोपाला आला नाही, आमच्यावर रागावला असेल. मजल्याच्या सुपरवायझरनं जानेवारीत एक ताकीद दिली, मार्चमध्ये दुसरी. दोन्ही लेखी. तिसरी मिळाली की पुढच्या बंदरावर उतरवून घरी पाठवणार, आणि पुन्हा त्या कंपनीत नाव नाही.

दुसऱ्या ताकिदीनंतर त्यानं मल्लिकार्जुनला सगळं सांगितलं. आजोबा, टोपली, अण्णा. मल्लिकार्जुन वरच्या पलंगावर पाय सोडून बसला होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "आमच्या वाड्यावर बी यायचे तसे. माझी आज्जी वाढायची. मी बघितलेलं न्हाई, पण आज्जी सांगायची. लई कौतुकानं सांगायची, की आपल्या दारातून कुणी रिकामं गेलं न्हाई."

"हां."

"तुझं समदं खरं हाय, संघपाल. पर बक्षिशीतला अर्धा वाटा माझा हाय की रे. दोन लेकरं हायत मला. माझ्या आज्जीचं मी कितीदा भरायचं?"

"तू उभा राहतोसच की."

"राहतो. मला काय न्हाई वाटत."

"तुला न्हाईच वाटणार. तुझ्या घरातली ही पहिलीच पिढी हाय उभी राहणारी."

मल्लिकार्जुन यावर हसला म्हणे. रागावला नाही. "बरं," म्हणाला, "तर मग मला शिकव कसं उभारायचं. तुमचा अनुभव जास्त."

असलं कुणी दुसऱ्यानं बोललं असतं तर मारामारी झाली असती. पण दिवसभर पाठ मोडलेली माणसं, त्यांना मारामारीचाही कंटाळा येतो. दोघंही हसले आणि झोपले. प्रश्न तिथंच राहिला.

हे सगळं मला कळलं ते एप्रिलमध्ये. जहाज बंदराला लागलं की तो कुठंतरी फुकटचं वायफाय शोधून मला फोन करायचा. त्या दिवशी मी नुकतीच वंदना आटोपून उठले होते.

"ताई, आपण म्हणतो न दिलेलं घ्यायचं न्हाई. हे तर देतेत."

"मग घे की. त्यात शील मोडत नाही."

"देतेत, पण उभं राहिल्यावर देतेत."

पंचशील मी रोज म्हणते, पण त्यात दाराचं काही नाही. अण्णा असते तर काय म्हणाले असते तेही मला सांगता येईना. खरं सांगायचं तर अण्णा म्हणाले असते, ये घरी. आणि तो घरी आला असता.

मी एवढंच म्हणाले, "मायला विचार."

"माय रडंल."

"माय नाही रडत."

ते लातूरचं पाण्याचं वर्ष. नळ महिना-महिना यायचे नाहीत. रेल्वेनं पाणी आलं, पेपरात फोटो आले, आमच्या गल्लीपर्यंत मात्र टँकरच यायचा, तोही आला तर. आमच्या गल्लीत हणमंतरावांच्या बोअरला तेवढं पाणी होतं. माणूस वाईट नव्हता. सकाळी दोन तास गेटातून नळी बाहेर सोडायचा. पण आधी त्यांचे पाहुणे, मग त्यांच्या बाजूची घरं, मग बाकीचे. मायचा नंबर बाकीच्यांत. साठीच्या पुढची बाई, दोन घागरींसाठी रोज सहाला जाऊन उभी राहायची. माझं घरही त्याच गल्लीत. मी म्हणायची, तुझ्या घागरी मी भरते, तर ती म्हणायची, तुझ्या घरचं कोण भरंल?

संघपालनं फोन केला तेव्हा ती तिथंच होती. मी माझ्या घागरी घेऊन तिच्या मागं उभी होते. घागरी सांभाळत फोन कानाला लावता येईना म्हणून तिनं स्पीकरवर टाकला, त्यामुळं ओळीतल्या पाच-सहा जणींनीही ऐकलं.

त्यानं सगळं सांगितलं. ताकीद, मल्लिकार्जुन, बोळ. शेवटी म्हणाला, "माय, अण्णांचा शब्द हाय. काय करू?"

माय म्हणाली, "तुझ्या अण्णाला शब्द द्यायला काय झालं होतं? तीस वरीस साहेबाच्या दारातच होता की. स्टूल होतं बुडाखाली, म्हणून ते उभं राहणं न्हाई का?"

ओळीतली सिंधु हसली. माय हसली नाही.

"माय, तसं न्हाई गं..."

"मी आत्ता कुठं हाय म्हाईत हाय का तुला? हणमंतरावच्या गेटापुढं उभारलेय. सहापासून. तुझा अण्णा गेला, शब्द ठेवून गेला, पाणी ठेवून गेला न्हाई. मला कधी कुणी इचारलं न्हाई, तुला उभं राहायला कसं वाटतंय."

मला वाटलं फोन तुटला.

"हायस का?" माय म्हणाली.

"हाय. तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"काय सांगायचं? घागर घेतली आन् गेले. तू उभा राहा, न्हाई तर नको राहू. तुझं तू बघ, मी कायबी म्हणत न्हाई. पर घरी यायचं असंल तर पाऊस पडल्यावर ये. तुझ्या अंघोळीचं पाणी कुठून आणू मी?"

तेवढ्यात नळी तिच्यापर्यंत आली. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि घागर लावली.

त्या रविवारी तो उभा राहिला. सकाळी सातला, कोठीच्या दाराला कुलूप लावून. मल्लिकार्जुननं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि सरकून जागा करून दिली. पहिल्या खोलीतलं म्हातारं जोडपं आलं, त्यांनी दोघांबरोबर फोटो काढला आणि गेले, दिलं काहीच नाही. एका बाईनं पाकीट दिलं ते मल्लिकार्जुनला. एक माणूस बॅग ओढत दारातून डोकावला, हे दोघं दिसले तसा मागं फिरला आणि पुन्हा खोलीत गेला. दहा मिनिटांनी खाली मान घालून, जवळजवळ पळतच निघून गेला.

"ताई, न देणाऱ्याला पण लाज वाटते," संघपालनं मला नंतर सांगितलं. "आपण बघू नये म्हणून ते जीव घेऊन पळतेत. हे अण्णांना म्हाईत नसणार. टोपलीतून ते दिसत नसतंय."

शेवटच्या खोलीतल्या बाईनं पाकीट त्याच्यापुढं केलं. त्याचे हात पाठीमागं होते. तिनं पाकीट धरून ठेवलं, त्यानं एक हात पुढं आणला. तिनं नाव विचारलं, त्यानं पूर्ण सांगितलं, संघपाल नरसिंग, आडनावासकट. तिला ते लिहिता येईना, मग त्यानंच तिच्या फॉर्मवर लिहून दिलं.

तिसरी ताकीद आली नाही. करार पुढं वाढला. जूनच्या शेवटी, पहिले दोन पाऊस झाल्यावर, तो घरी आला. गालफडं बसलेली, टाचा फुटलेल्या. पहिला आठवडा नुसता झोपला. सातच्या सुमाराला मात्र रोज जागा व्हायचा आणि अंथरुणावर बसून राहायचा.

एक दिवस मी त्याच्या टाचांना तेल लावत होते. सहज विचारलं, "अजून तसंच वाटतं का रे, उभं राहिल्यावर?"

"पहिल्या दिवशी पाय लटपटले," तो म्हणाला. "आता नुस्ते दुखतेत."

माय आतून म्हणाली, "तेल जरा जास्त लाव." मग म्हणाली, नळ काही अजून येत न्हाईत, उद्यापासून हणमंतरावच्या गेटावर पाण्याला संघ्यालाच पाठवू, तेवढाच माझ्या पायांना इसावा. तो हो म्हणाला.