मिरचीदादाची गाडी

मिरचीदादा माझा हेवा करायचा आणि ते कधी लपवायचा नाही. लोक पोटात जळतात आणि तोंडाने कौतुक करतात. दादाला ती कला साधलीच नाही. माझ्या घरी म्हैस व्याली की तो गोठ्यात यायचा, म्हशीभोवती एक फेरी मारायचा, कासेला हात लावायचा आणि सरळ म्हणायचा, "चांगली हाय, गुलब्या. मला बगवंना." एवढं बोलून पाठ फिरवून चालू लागायचा. दुसऱ्या दिवशी परत यायचा तो त्याच म्हशीला सरकी कमी पडते म्हणून मला शिव्या द्यायला.

तो माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. आंबी गावात आमची शेतं एका बांधाला होती. दादाच्या वावरात मिरची उत्तम यायची, पण त्याचं नाव त्यावरून पडलं नव्हतं. "दुसऱ्याचं बरं झालं की ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबत्यात," असं त्याची आईच, म्हणजे माझी चुलती, सगळ्या आळीत सांगायची. गावाने नाव उचललं. दादाला त्याचं वाईट वाटत नसे. "झोंबल्या तर झोंबल्या म्हनायचं," तो म्हणे. "त्यात लाजायचं काय?"

माझ्या धोतराचा काठ, माझ्या विहिरीचं पाणी, माझ्या बायकोच्या हातची भाकरी, या सगळ्यांचा त्याने मोकळेपणाने हेवा केला. एका गोष्टीचा मात्र कधी उच्चार केला नाही. आम्ही दोघे तळेगावच्या शाळेत बरोबर जात होतो. त्याचे वडील गेले आणि दादाला शाळेतून काढून नांगरामागे उभं केलं. माझे वडील होते, म्हणून मी शिकत राहिलो. सकाळी मी दप्तर घेऊन बांधावरून निघालो की तो बैलांच्या शेपट्या पिरगाळत दुसरीकडे बघायचा. त्याबद्दल तो जन्मभर बोलला नाही, आणि मीही नाही.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होण्याच्या आधी त्याने लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याकडून जुनी मोटार घेतली. पुढे दोघातिघांना बसायला जागा, मागे लाकडी हौदा. हल्ली जिला पिकअप म्हणतात तशी. बंगल्याच्या आवारात ती कित्येक पावसाळे पडून होती. दादाने ती जागी केली. गावातली ती पहिली मोटार. मिरच्या आणि भाजी भरून तो लोणावळ्याच्या बाजारात जायचा, कधी घाट उतरून खोपोलीपर्यंत, आणि येताना मीठ, सुकट, नारळ घेऊन वर यायचा. त्या काळात त्याने माझा हेवा केला नाही. उलट बांधावर गाडी थांबवून हाक मारायचा, "गुलब्या, बस. तुला हवा खायला न्हेतो." मी बसायचो. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाकडे तो असा बघायचा की पुणं त्यानेच वसवलं असावं.

लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघू लागल्या. मीही एक मोठी लॉरी घेतली. दादा आला, लॉरीभोवती फिरला, बॉनेट उघडून आत डोकावला. त्याच्या गाडीच्या इंजिनाला चार सिलिंडर होते, माझ्या लॉरीच्या इंजिनाला सहा. त्याने बोटाने एकेक मोजून पाहिला. मग बॉनेट हळूच लावलं, जसं झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं, आणि म्हणाला, "चांगली हाय. मला बगवंना."

खरं दुखणं सुरू झालं ते घाटात. त्याची गाडी चढावर तापायची. रेडिएटरमधून वाफ निघायची, बरोबरची माणसं उतरून ढकलायची, आणि तेवढ्यात मागून माझी लॉरी यायची. एकदा तर खोपोलीहून वर येताना एका वळणावर त्याची गाडी पार बसली. मी दोर बांधला आणि तिला ओढत खंडाळ्यावरून लोणावळ्यापर्यंत आणलं. भरबाजारातून. ओळखीचे दुकानदार पायरीवर येऊन बघत होते. दादा स्टिअरिंग धरून ताठ बसला होता, नजर समोर. बाजार संपल्यावर उतरला, दोर सोडला, त्याची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली.

"पुन्यांदा आसं करू नगंस," तो म्हणाला. "दिसलो तरी फुडं निघून जात जा."

त्याच आठवड्यात तो लोणावळ्याला इस्माईलमिस्त्रींच्या कारखान्यात जाऊन बसला. माझ्या लॉरीसारखीच एक लॉरी उलटून मोडली होती आणि देहूरोडच्या एका भंगारवाल्याकडे पडली होती. इंजिन शाबूत होतं. ते इंजिन आणि त्याचा चार गिअरांचा गिअरबॉक्स आपल्या जुन्या गाडीत बसवायचा, असं दादाने ठरवलं होतं. मिस्त्री म्हणाले, "दादा, बकरीच्या पोटात बैलाचं काळीज बसवायचं म्हणता." दादा म्हणाला, "बकरी मोठी करू."

मग बेत सुरू झाले. कारखान्याच्या फरशीवर खडूने गाडीचा सांगाडा काढला होता आणि त्यावर नव्या इंजिनाची आकृती. दर बाजाराच्या दिवशी दादा तिथे उकिडवा बसून ती पुसायचा आणि पुन्हा काढायचा. इंजिन लांबीला जास्त, म्हणून रेडिएटर पुढे सरकवायचा. तरी पुरत नव्हतं, म्हणून इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्र्याचा पडदा कापायचा. गिअरबॉक्स मागे जाणार, म्हणून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा कापून आखूड करायचा. गिअरचा दांडा नेमका दादाच्या दोन गुडघ्यांमध्ये वर येत होता. "गुडघं मी आकसून घीन," दादा म्हणाला. "तुमी इंजिन आकसू नगा."

भंगारातली लॉरी इतर सामानाखाली गाडली गेलेली; तिची मापं घेता येईनात. तसलीच लॉरी माझ्या दारात उभी होती. पण माझ्याकडे मागणं त्याच्या जिभेवर येईना. नवलाख उंबरे गावात एका लग्नाला मी वऱ्हाड घेऊन गेलो होतो. लग्न लागायला अजून अवकाश असताना लॉरीपाशी आलो तर खालून दोन पाय बाहेर आलेले, पायांत नवे कोल्हापुरी जोडे. दादा फेट्यासकट लॉरीखाली शिरला होता आणि सुतळीने मापं घेत होता. मी पायफळीवर बसलो.

"दादा, माप पडद्यापासून घे. बंपरापासून घेशील तर चुकशील."

खालून आवाज आला, "मला ठावं हाय."

मग पुन्हा आवाज आला, "सुतळीचं टोक धर जरा."

मी धरलं. बाहेर आला तेव्हा फेट्याला काळं तेल लागलं होतं. त्याने सुतळी खिशात घातली आणि वधूवरांवर अक्षता टाकायला गेला.

एवढं सगळं ठरलं, पण ब्रेकचं कुणी बोलेना. ती गोष्ट मिस्त्रींनीच माझ्या कानावर घातली. जुन्या गाडीला फक्त मागच्या चाकांना ब्रेक, तेही सळईने ओढायचे. मिस्त्रींनी दादाला सांगितलं होतं, "चढायला इंजिन पाहिजे, कबूल. पण जितका घाट चढता तितकाच उतरता. एवढ्या जोराची आणि वजनाची गाडी या ब्रेकांवर थांबणार नाही." त्यावर दादा म्हणाला होता, "उतरताना कोन बगतंय?"

मी दादाच्या घरी गेलो. ब्रेकचं नाव काढताच तो उठून उभा राहिला.

"आता कळलं. माजी गाडी तुज्या फुडं जानार, ते तुला बगवंना."

"दादा, तसं नाही."

"तसंच हाय. मला काय इचारतोस, मी जन्मभर त्येच केलंय. मला वळखू येतंय."

मी परत निघालो. बांधापर्यंत वहिनी मागून आल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "भावजी, ते तुमचं ऐकायचे न्हाईत. पन कायतरी करा. घरात मोठं मानूस दुसरं न्हाई." घरात पुरुषमाणूस नसण्याचं काय होतं ते या घराने एकदा पाहिलं होतं.

त्याला सांगून उपयोग नव्हता. मग मी माझी लॉरी इस्माईलमिस्त्रींकडे नेली, ब्रेकचे पट्टे नवे घातले, आणि तळेगावच्या बाजारात चहाच्या दुकानात बसून फुशारक्या मारू लागलो. असले ब्रेक अख्ख्या मावळात कुणाच्या गाडीला नाहीत. चारी चाकांना. नुसता अंगठा टेकवला की गाडी जागच्या जागी. दादा कोपऱ्यात बशीतून चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली आणि उठून गेला.

पुढच्या बाजाराला मिस्त्री मला म्हणाले, "दादा आले होते. म्हणाले, 'गुलब्याच्या गाडीला हायेत तसलं ब्रेक पायजेत. न्हाई, त्याच्यापरीस मोठं.'" मोडलेल्या लॉरीचे पुढचे आणि मागचे असे दोन्ही आस, म्हणजे चाकं जोडणारे दांडे, चाकांसकट, ब्रेकांसकट दादाच्या गाडीखाली बसवायचं ठरलं. त्यासाठी फरशीवरची आकृती पुन्हा पुसावी लागली. चाकं बाहेर आली, त्यांवरचे पत्रे कापावे लागले, नवी जागा करावी लागली. सगळा बेत बारगळतो की काय असं वाटलं. पण दादाच्या पोटात आग पेटली की तो मागे हटत नसे. शेवटी गाडी उभी राहिली तेव्हा दिसायला मोठी चमत्कारिक होती: तोंड पुढे काढलेली, पाय फाकलेली. सुरू केली तेव्हा मात्र कारखान्याचा पत्रा थरथरला, आणि दादाने डोळे मिटून घेतले.

काही दिवसांनी तो सकाळीच माझ्या दारात आला आणि ओट्यावर बसला. चेहरा पांढरा पडला होता. आदल्या दिवशी मिरच्यांची पोती भरून तो घाट उतरत होता. एका वळणाच्या पुढे गवताच्या गाड्या आडव्या झाल्या होत्या, बैल बुजले होते, आणि एका बाजूला दरी.

"थांबली," दादा म्हणाला. "बैलाच्या शिंगाला हात लागंल इतक्यावर थांबली." थोडा वेळ तो आपल्या पायाकडे बघत राहिला. मग एकदम ताठ झाला. "तुज्या ब्रेकपरीस माजं ब्रेक भारी हायेत, गुलब्या."

मी म्हणालो, "असतील. मला बघवत नाही, दादा."

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "खरं?" त्याने विचारलं, आणि मांडीवर थाप मारून हसला. कुणी त्याचा हेवा केल्याचं त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. वहिनींनी मला काय सांगितलं होतं आणि मी काय केलं होतं, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही.

त्या दिवशी मी त्याला खूश करायला बोललो होतो. पण थोड्याच दिवसांत ते खरं झालं. खोपोलीहून भरलेली लॉरी घेऊन मी घाट चढत होतो, आणि मागून हॉर्न वाजला. दादाची ती फाकलेल्या पायांची गाडी माझ्या शेजारून वर निघून गेली. हलकी गाडी, मोठं इंजिन. ती चढत नव्हती, धावत होती. दादाने हात बाहेर काढला, पण मागे वळून पाहिलं नाही. मी दात आवळून गिअर बदलला आणि तोही चुकला. घरी आल्यावर बायकोला सांगितलं तर ती हसून लोटपोट झाली. मला हसू येईना. पुढे कित्येक दिवस रस्त्यात दादाच्या इंजिनाचा आवाज आला की माझं तोंड कडू व्हायचं. ज्या दुखण्याने दादाने आयुष्य काढलं ते किती चावतं, हे मला तेव्हा कळलं. ते घेऊनही तो माझ्या म्हशीच्या सरकीची काळजी करत आला होता, हेही तेव्हाच कळलं.

ती गाडी त्याने बरीच वर्षं चालवली. मग छातीचं दुखणं लागलं आणि चालवणं थांबलं. मी रोज जाऊन बसायचो. तो उशाला टेकून माझ्याकडे बघायचा. एकदा म्हणाला, "कसा भराभरा श्वास घेतोस रं. मला बगवंना." मी श्वास धरून ठेवला. त्याला ते दिसलं, आणि तो म्हणाला, "आरं, घे. मी आपलं बोललो."

तो गेला. गाडी सांभाळणारं कोणी नव्हतं. वहिनींनी ती इस्माईलमिस्त्रींनाच देऊन टाकली. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी मी नवीकोरी लॉरी घेतली. हार घालून, नारळ फोडून गावात आणली. माणसं जमली, सगळ्यांनी बरं म्हटलं, पेढे घेतले आणि आपापल्या कामाला गेली. वहिनी मागे थांबल्या. त्यांनी लॉरीच्या चकचकीत बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"ह्ये असते तर आज जेवले नसते, भावजी," त्या म्हणाल्या.

मी घरात गेलो. बायकोने पुरणपोळी केली होती. पानावर बसलो, आणि न जेवताच उठलो.