सोपानचे पावणेचार तास

आमची कंपनी आंतरराष्ट्रीय शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका नदीकाठच्या ठाण्यावर गेली, तेव्हा मी नायब सुभेदार होतो. कंपनीचा रेडिओ माझ्याकडे होता. निळी हेल्मेटं, पांढऱ्या गाड्या. सकाळी आठला मदतीचे ट्रक निघायचे. पीठ, तेल, ताडपत्र्या. आमची एक गाडी पुढे, एक मागे. निर्वासितांची छावणी बावीस किलोमीटरवर होती आणि चिखल असला की जायला अडीच तास लागायचे. लढाई करायची नव्हती, ट्रक पोचवायचे होते. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या कोथरूडमध्ये बऱ्याच जणांना अजून तसंच वाटतं.

ठाण्यावर डॉक्टर नव्हता, एक नर्सिंग असिस्टंट होता. सगळ्या सेक्टरला मिळून एकच हेलिकॉप्टर उडत होतं. कागदावर तीन होती. दर महिन्याच्या दरबारात, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेत, कमांडर विचारायचे, "कोई तकलीफ?" सगळी कंपनी एका सुरात ओरडायची, "नहीं, साहब!" त्यात माझाही आवाज होता. तक्रार करणं म्हणजे रडणं, असं आम्ही भरतीपासून शिकलो होतो.

नाईक सोपान पुढच्या गाडीत असायचा. कात्रजच्या पलीकडच्या गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, वय तेहेतीस. एका रविवारी घरी फोन करून आला तेव्हा तोंड पाडून बसला होता. बायकोशी भांडण झालं होतं आणि यानेच फोन आपटला होता.

दोनच दिवसांनी, मंगळवारी १०.२० ला पुढची गाडी सुरुंगावर गेली. मी मागच्या गाडीत होतो. सोपानच्या पोटाला आणि मांडीला लागलं. बाकीचे खरचटण्यावर सुटले. नर्सिंग असिस्टंटने पट्ट्या बांधल्या, सलाइन लावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ऑपरेशन चाहिए, साहब. जल्दी."

१०.३५ ला मी हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, "दुसऱ्या टास्कवर आहे. वेट, आऊट." म्हणजे थांबा, पुढचं आम्ही कळवू.

११.३० ला पुन्हा मागितलं. "वेट, आऊट."

१२.४५ ला समजलं की ते इंधन भरतंय. रस्त्याने हॉस्पिटल दीड दिवसावर होतं. आम्ही झाडाखाली ताडपत्री बांधून थांबलो.

सोपान शुद्धीवर होता, बोलत होता. सारखं विचारायचा, "किती वाजले, साहेब?" मी दर वेळी अर्धा तास कमी सांगत होतो. एकच्या सुमाराला त्याने मला वाकायला सांगितलं आणि बायकोसाठी निरोप दिला. चार वाक्यं होती. मी म्हणालो, "तूच सांग की जाऊन." तो म्हणाला, "मी सांगीनच. तरी तुम्ही ध्यानात ठेवा."

१४.०५ ला तो गेला. हेलिकॉप्टर १४.४० ला उतरलं. पायलटवर माझा राग नाही. त्याने सकाळपासून दुसऱ्या दोन ठाण्यांवरचे जखमी उचलले होते आणि त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

शव घेऊन गावी मी आलो. अशा वेळी घरच्यांना काय सांगायचं हे पलटणीत ठरलेलं असतं. माझ्या उस्तादांनी मला शिकवलं होतं, मी पुढच्यांना शिकवलं. सोपानच्या बायकोसमोर, मंदाताईंसमोर उभा राहून मी तेच म्हणालो, "जागीच गेला. काही त्रास झाला नाही." तेव्हा मला ती दया वाटली. पण जागीच गेलेला माणूस निरोप कसा देणार? निरोप माझ्याकडेच राहिला. अकरा वर्षं राहिला.

निवृत्तीनंतर आम्ही सहा-सात माजी शांतिसैनिकांनी सह्यांची मोहीम काढली. मागणी साधी होती. शांतिसेना पाठवणाऱ्या आणि तिचा खर्च उचलणाऱ्या सगळ्यांनी आधी डॉक्टर आणि पुरेशी हेलिकॉप्टरं द्यावीत, मग माणसं पाठवावीत. अर्ज खासदारांकडे जाणार होता. पहिल्याच सोसायटीत चेअरमन म्हणाले, "अहो, आमची लिफ्ट चार महिने बंद आहे आणि तुम्ही आफ्रिकेला हेलिकॉप्टर देताय?" सही मात्र केली. पुण्यात टोमणा आधी मिळतो, सही नंतर.

अर्जासोबत वाटायच्या पत्रकाचा मसुदा शनिवार पेठेतल्या देशपांडेबाईंकडे दिला. बाई नागरिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी लाल पेनने अर्धं पान छाटलं.

"'अनेक जवानांना वेळेवर मदत मिळाली नाही.' हे अनेक कोण?"

"आहेत, बाई."

"मग एक सांगा. नाव, वेळ, काय झालं. सुभेदारसाहेब, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. लोक सही कशासाठी करतील?"

मी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे त्यांच्या पत्नीला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिकडे जा. तोवर मी हे छापू देणार नाही."

दोन आठवडे मी कारणं काढली. एकदा कात्रजला उतरून चहा पिऊन परत आलो. मला भीती वाटत होती. सुरुंगाच्या रस्त्यावर वाटली नव्हती इतकी.

शेवटी एका सकाळी गेलो. मंदाताई गोठ्यात होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, तो जागीच गेला नाही. पावणेचार तास जिवंत होता. हेलिकॉप्टर आलं नाही. आणि मी खोटं बोललो.

त्यांनी हात धुतले. मग म्हणाल्या, "बोलत व्हते?"

"हो. शेवटपर्यंत."

"आन् तुमी अकरा वर्सं माझं मानूस मुकं ठेवलं?"

त्यांनी ओले हात पदराला पुसले.

"फोनवर भांडान झालं व्हतं. राग धरूनच गेले म्हनून मी रोज जळतीय, साहेब."

मी निरोप सांगितला. चारही वाक्यं, जशीच्या तशी. त्यात राग नव्हता. त्या ओट्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडलो. मग त्यांनी मला समोर बसवलं आणि १०.२० पासून सगळं सांगायला लावलं. सोपान सारखं किती वाजले विचारायचा, तेही सांगितलं. मी कमी वेळ सांगत होतो, तेही सांगितलं.

दुपारी त्यांनी अर्जावर सही केली.

"समदं छापा. नाव बी छापा. निरोप तेवढा नको. त्यो माझा हाय."

म्हणून तो इथेही लिहिलेला नाही. पत्रकात सोपानबद्दल चार वाक्यं आहेत. चौथं मंदाताईंनी घालायला लावलं आणि देशपांडेबाईंच्या लाल पेनने त्याला हात लावला नाही:

"नाईक सोपान, वय तेहेतीस. सकाळी १०.२० ला जखमी झाले. दुपारी १४.०५ ला गेले. मधला सगळा वेळ ते बोलत होते."