अर्ध्यावर सोडलेली पाथ

बापूंकडे भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा ते गोठ्यात गाईजवळ उकिडवे बसले होते. वासरू पीत होतं आणि बापू नुसते बघत होते. "आधी त्याले पिऊ द्या. ती त्यानी माय शे, आपली नही," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. उरलेलं दूध घरातले घेत, बापूंनी मात्र दूध सोडलं होतं. चहा कोरा. मांस-अंडं तर त्यांच्या घराण्यात कधी शिरलंच नव्हतं. प्रकाशा या तीर्थाजवळच्या आमच्या त्या गावात लोक त्यांची थट्टा करत, आणि भांडण सोडवायलाही त्यांनाच बोलावत.

मी शाळामास्तर, रविवारी शहाद्याला जाऊन मटण खाणारा. एकदा चाचरत तसं सांगून टाकलं, तर म्हणाले, "सर, तुमना ताटमा डोकावाले माले टाइम नही. मन्हंच ताट अजून साफ करी ऱ्हायनू."

त्यांच्या शेतात एक नियम होता, त्यांनीच केलेला. कापूस वेचताना हातातली पाथ, म्हणजे ओळ, संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत बांधावर बसलो होतो. डोंगरातून मजुरीला आलेली वनीबाई पाथीच्या मध्यावर होती. निंबाला बांधलेल्या झोळीत तिचं तान्हं पोर रडून रडून लाल झालं होतं. आणि बापू मला जीवदया समजावून सांगत होते.

वनीबाई उभी राहिली. "बापू, वासरूले तू मायकडे सोडस. माले पोरकडे कव्हय सोडशी?"

उत्तराला ती थांबली नाही. ओटीतला कापूस तिथंच ओतला, पोर उचललं आणि चालू लागली. बापू त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सोबतच्या बायांनी सांगितलं, घरी गेली, धडगावच्या वर, पाड्यावर. तिसऱ्या दिवशी बापू म्हणाले, "सर, गाडी काढा." मी म्हटलं, निरोप पाठवू की. "चूक मन्ही, आन निरोप दुसरानी लई जावाना?"

माझ्या मोटरसायकलवर मागे बसून सत्तरीतला हा माणूस घाट चढला. वनीबाईच्या नवऱ्यानं खाट टाकली आणि पाहुण्यांसाठी कोंबडी पकडून आणली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू. पण मग बापूंकडे बघितलं. नाही म्हणावं तर यजमानाचा अपमान, गप्प बसावं तर त्यांच्यापायी एक जीव जाणार.

बापूंनी हात पुढे केले. "मन्हासाठी शे ना? मंग माले दे." कोंबडी मांडीवर घेतली. तिनं त्यांचं धोतर लगेच घाण केलं. मग ती नवऱ्याकडे परत देत म्हणाले, "आते हाई मन्हाकडथून तुमना पोऱ्याले. आज पहिल्यांदा त्याना घर उनू, हातवर काहीतरी ठेवाले पाहिजे." नवरा हसला. वनीबाई नाही हसली.

"कोंबडी वाचाडी," ती म्हणाली. "मन्हं काय?"

बापू खाटेवरून उतरून खाली मातीत बसले आणि तिच्यापुढे हात जोडले. "मन्हं चुकनं, माय. माले वासरू दिखनं, तुन्हा पोऱ्या दिखना नही." एवढ्या जमिनीचा धनी आपल्या मजूर बाईसमोर असा बसलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी नकळत उभा राहिलो.

"आन दुसऱ्या बाया?" तिनं विचारलं.

"सर्वासले. पोर रडनं का पाथ सोडी देवानी. मजुरी पुरी."

ती उठून चुलीकडे गेली. मग नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. बापू जेवले. तीन दिवसांत प्रथमच पोटभर जेवले असावेत.

घाट उतरताना ते मागून म्हणाले, "सर, मन्हा ताटमा पाप नही म्हनीसन मी निवांत व्हतू. अंगवरना सदराना कापूस कोन्ही वेचा, ते कधी देखंच नही."

बापूंना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी शाकाहारी झालो नाही, तेवढी माझी ताकद नाही. पण त्यांच्या शेतावरून जाताना थांबतो. पोर रडतं, एखादी बाई अर्ध्या पाथीतून उठून निंबाकडे चालू लागते, आणि तिला मागून कोणी हाक मारत नाही.