चिकटवलेल्या कागदाखालची बस

वॉटफर्डला माझं चित्रं फ्रेम करण्याचं दुकान आहे. त्याआधीचं दुकान दिराबरोबर काढलं होतं. फ्रेमा मी कापायच्या, काचा मी बसवायच्या आणि पाटीवर नाव एकट्या त्याचं. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. म्हणून त्या इटालियन म्हाताऱ्याची तक्रार मला न समजावता कळली.

तो जवळच लेकीकडे राहायला आलेला कॉमिक्सचा चित्रकार, दुकानात गप्पा मारायला यायचा. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या पानांवर मागची घरं-झाडं काढण्यापासून सुरुवात, मग मिलानच्या एका एजन्सीमार्फत लंडनच्या साप्ताहिकांसाठी कितीतरी वर्षं युद्धकथा. तेव्हा त्याने इंग्लंड पाहिलंही नव्हतं. चित्रकाराचं नाव छापत नसत, मूळ पानंही परत येत नसत. त्याच्याकडे स्वतःचं एक पान उरलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी एक संग्राहक लायब्ररीतल्या प्रदर्शनासाठी अशा युद्धकथांची पाच मूळ पानं फ्रेम करायला घेऊन आला. सोबत छापलेल्या चिठ्ठ्या होत्या: ‘चित्रकार अज्ञात’. मी म्हाताऱ्याला फोन केला. तो आला, पहिलं पान पाहिलं आणि खाली बसला. हे माझं, एवढंच म्हणाला.

संग्राहक सभ्यपणे म्हणाला की असं सांगणारे आणखी दोघे भेटलेत, पुराव्याशिवाय नाव लावता येणार नाही. माझं डोकं फिरलं. पानं उचला आणि दुसरं दुकान शोधा, असं मी त्याला सुनावलं. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं, हे मला ठाऊक होतं.

म्हाताऱ्याने मला हाताने थांबवलं आणि पानातल्या एका चौकटीवर बोट ठेवलं. तिथे वरून कागदाचा तुकडा चिकटवून बस काढलेली होती. चूक झाली की संपादकांच्या ऑफिसात असंच करायचे.

“खाली माझी बस आहे,” तो म्हणाला. “दार उजवीकडे. आमच्या इटलीत गाड्या उजवीकडून चालतात, दारही तिकडेच असतं.”

संग्राहक तुकडा सोडवू देईना. मग मी सौदा केला. खाली काय आहे ते यांनी आत्ता आठवणीने दुसऱ्या कागदावर रेखाटायचं, मग पान उजेडावर धरायचं. जुळलं तर चिठ्ठीवर नाव, नाही तर पाचही फ्रेमा फुकट. तो तयार झाला.

म्हाताऱ्याने पॅकिंगच्या कागदावर पेन्सिलने बस काढली. उजवीकडे दार, टोपी धरून बाहेर झुकलेला कंडक्टर, मागे धावणारं कुत्रं.

पान खिडकीला धरलं. काहीच दिसेना. मी कामाचा मोठा दिवा आणून मागे लावला, तेव्हा इंग्लिश बसच्या आतून दुसऱ्या रेषा वर आल्या. दार. टोपी. शेवटी कुत्रं.

“सॉरी, सर,” संग्राहक म्हणाला.

 मी लगेच म्हाताऱ्याला त्याच्या नावाचं स्पेलिंग विचारून पाचही चिठ्ठ्या नव्याने लिहायला घेतल्या. तो बाकीची पानं बघत होता. चौथ्यापाशी थांबला.

“हे माझं नाही.”

“राहू द्या हो तुमच्याच नावावर,” मी हळूच म्हटलं. “एवढं सोसलंत.”

“नको. कोणीतरी ते काढलंय.”

मी चौथ्या पानाची ‘अज्ञात’ चिठ्ठी होती तशी ठेवली. म्हाताऱ्याचा राग आला, पण थोडाच. संग्राहकाने खुर्ची ओढून त्याच्याजवळ घेतली आणि विचारलं, “घरी अशी आणखी पानं आहेत. बघायला कधी याल?”