आरे, आ दीर्घ

माझ्या आजोबांचा एकही फोटो नाही. ऐंशी ओलांडल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच हट्ट धरला. आपल्या वडिलांचं, अप्पांचं, नाव सरकारी कागदावर एकदा डोळ्यांनी बघायचं. जुनी जनगणना आता इंटरनेटवर मिळते, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"मी अप्पांच्या मांडीवर होतो गे," ते सांगत. "जनगणतीवाला आला, जगलीवर बसून ताक प्यायला, सगळ्यांची नावं लिवून घेतली. सरकारानं लिवलेलं सुम्ने कुठं जाईल? असणारच अल्वा?"

सुम्ने म्हणजे उगाच, अल्वा म्हणजे नाही का, आणि जगली म्हणजे जुन्या घराच्या दारापुढचा कट्टा. ते घर गेलं, आता आम्ही म्हैसूरच्या कडेला, हूटगळ्ळीला नव्या वस्तीत राहतो. पण अण्णा त्या जगलीचं असं काही वर्णन करतात की मला तिच्यावर बसून दसऱ्याचे हत्ती बघावेसे वाटतात.

निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळच वेळ होता. मी लॅपटॉप उघडून बसले आणि मला वाटलं, चुटकीसरशी काम होईल. कसलं काय! जुने अहवाल स्कॅन करून टाकलेले होते, खंडच्या खंड. त्यात विहिरी होत्या, बैल होते, जाती, धंदे, भाषा. माणसाचं नाव मात्र एकही नव्हतं. घरोघरी लिहिलेले कागद आकडे मोजून झाल्यावर ठेवलेच नव्हते म्हणे. मला इतका राग आला की चहा गार झाला तरी कळलं नाही.

अण्णांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. निदान आपली माणसं कुठल्या रकान्यात मोजली ते तरी दाखवू, म्हणून मी शोधतच राहिले. आमचे पूर्वज म्हैसूरच्या सैन्यात आले आणि इथलेच झाले. आम्हाला इथे 'आरे' म्हणतात आणि आमच्या मराठीला 'आरे मातु'. मी शोधायच्या चौकटीत इंग्रजीत 'आरे' टाइप केलं आणि कपाळाला हात लावला. अहवाल इंग्रजी, आणि 'आहेत' या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग नेमकं तेच! पानापानावर पिवळे ठिपके. विहिरी आहेत, बैल आहेत, सगळे आहेत, फक्त आम्ही सापडेना.

मग एकेक पान डोळ्यांनी वाचत बसले. वाचता वाचता मला शेजारची मामी आठवली. मी सहा-सात वर्षांची असताना तिच्याकडे खेळायला जायचे. एकदा तिच्या पाहुण्यांनी विचारलं, ही मुलगी कसली भाषा बोलते? मामी हसत म्हणाली, "आरे मातु." कन्नडात 'अरे' म्हणजे अर्धं. तिनं 'आ' लांबवला होता, पण माझ्या कानांनी तो आखूड ऐकला. अर्धी भाषा! मला पटलंही लगेच, कारण आमच्या घरात वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडात संपायचं. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि का ते कुणाला सांगितलं नाही. पुढे पुस्तकं वाचून ही शुद्ध मराठी कमावली, तिच्यामागे ते रडणं आहे. पुण्याच्या पाहुण्यांसमोर आजही मी जीभ सांभाळून बोलते.

आणि त्या दिवशी ती ओळ सापडली. मराठ्यांच्या खाली इंग्रजीत 'आरे', पहिल्या अक्षरावर दीर्घाची आडवी रेघ, पुढे म्हैसूरचा आकडा. त्या छोट्याशा रेघेकडे बघून मला खुदकन हसू आलं. त्या रेघेनं इतक्या वर्षांनी मला अख्खं केलं.

अण्णांना मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "नावं नाहीत?"

"नाहीत, अण्णा. नुसता आकडा आहे."

"मग मोजलं कशाला?" एवढंच बोलून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस त्यांनी इडलीलाही नीट हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं. उगाच खरं बोलले असं वाटलं.

त्यानंतर दसऱ्याच्या सुट्टीत सरकारतर्फे घरोघरची माहिती घ्यायला एक शाळेच्या बाई आल्या. वही नाही, मोबाईल. अण्णा चष्मा लावून त्यांच्या शेजारीच जाऊन बसले. बाईंनी विचारलं, "मातृभाषे यावुदु?" मातृभाषा कोणती? अण्णांच्या आधी मीच बोलले, "आरे मातु, मराठी," आणि 'आ' चांगला लांबवला.

"मनेयल्ली यारु यारु इद्दारे?" घरात कोण कोण आहे?

अण्णांनी ताठ बसून पहिलं नाव सांगितलं ते अप्पांचं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, सावकाश. बाईंनी ते मोबाईलवर कन्नडात लिहिलं. अण्णांनी वाकून अक्षर न् अक्षर वाचलं. त्यांचे ओठ हलत होते.

"इवरु इल्ले इद्दारा?" हे इथेच आहेत का, बाईंनी आतल्या खोलीकडे बघत विचारलं.

"इद्दारे," अण्णा म्हणाले. आहेत.

मग ते उठून बाईंसाठी ताक आणायला आत गेले. ते आत गेल्यावर मी बाईंना हळूच खरं सांगितलं, अप्पा कधीच गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि अण्णांच्या पावलांचा आवाज यायच्या आत ते नाव पुसून टाकलं.